एकाच काचेवर तीन हॅना : मिसेस मेनार्ड यांच्या फोटो स्टुडिओची गोष्ट

एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. साधारण १८९३ च्या आसपासचा. चहाचं टेबल मांडलंय, शेजारी दोन बायका आहेत आणि मागे भिंतीवर एक मोठी फ्रेम लटकलीय. फ्रेममधल्या चित्रातली बाई मात्र चित्रात राहायला तयार नाही. ती बाहेर वाकलीय आणि खालच्या बाईच्या डोक्यावर चक्क चहा ओततेय! नीट बघितलं की लक्षात येतं, तिघींचा चेहरा एकच आहे. आणि तो चेहरा फोटो काढणारीचाच आहे.

आज मोबाईलवर असा फोटो बनवायला पाच मिनिटं लागतात. १८९३ मध्ये ना लेयर्स होते, ना अनडू. होती ती फक्त एक काचेची प्लेट. या बाईचं नाव हॅना मेनार्ड. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात तिने तब्बल ५० वर्षं स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला. तिच्या करामतींचे फोटो नेटवर बरेच फिरतात, पण ती मुळात धंदा करणारी बाई होती हे त्यात हरवून जातं. त्या करामती समजून घ्यायच्या तर आधी तिचा धंदा आणि त्यामागचं तंत्र समजून घ्यावं लागतं. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

हॅनाचं माहेरचं आडनाव हॅदर्ली. जन्म १७ जानेवारी १८३४, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या बूड या समुद्रकाठच्या गावी. १८५२ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, तिचं लग्न रिचर्ड मेनार्डशी झालं. रिचर्ड बूट-चपला बनवणारा कारागीर. लग्नानंतर दोघं बोट पकडून कॅनडात गेले आणि आजच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या बोमनव्हिल गावात राहिले. रिचर्डने बुटांचं दुकान टाकलं, मुलं झाली. इथपर्यंत ही त्या काळच्या हजारो कुटुंबांसारखीच गोष्ट आहे.

मग १८५८ मध्ये पश्चिमेकडे फ्रेझर नदीच्या खोऱ्यात सोनं सापडल्याची बातमी पसरली. रिचर्डलाही सोन्याची ओढ लागली आणि तो तिकडे निघून गेला. हॅना मुलांना घेऊन बोमनव्हिललाच राहिली आणि याच काळात ती फोटोग्राफी शिकली. नवरा खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पदरात लहान मुलं, आणि बाई शिकते काय, तर केमिकल्स हाताळायला! वरवर पाहता हे विचित्र वाटेल, पण त्यात पक्का हिशोब होता. शिवणकाम, धुणं, खानावळ ही बायकांसाठी ठरलेली कामं होती आणि त्यांत पैसा कमी. फोटोग्राफीचा धंदा इतका नवा होता की तो पुरुषांचा की बायकांचा हे अजून पक्कं ठरलंच नव्हतं. त्याला ना डिग्री लागायची, ना कुणाची परवानगी.

रिचर्ड परत आला आणि १८६२ मध्ये सगळं बिऱ्हाड व्हिक्टोरियाला हललं. तेव्हा कॅनडा आजच्यासारखा एक देश नव्हता. व्हँकुव्हर बेट ही ब्रिटिशांची वेगळी वसाहत होती. सोन्यामुळे छोट्याशा ठाण्याचं काही वर्षांत गजबजलेलं बंदर झालं होतं. खाणीकडे जाणारे, खाणीतून परतणारे, खलाशी, दुकानदार, चिनी कामगार असे सगळे तिथून जायचे. त्याच वर्षी त्या किनाऱ्यावर देवीची भयंकर साथ आली आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांची गावंच्या गावं ओस पडली. म्हणजे एकाच वेळी एक जग उभं राहत होतं आणि दुसरं कोसळत होतं, अशा गावात हॅनाने पाटी लावली : मिसेस आर. मेनार्ड फोटोग्राफिक गॅलरी.

सांगतात ते असं, की व्हिक्टोरियाला पोचल्यावर रिचर्ड लगेच पुन्हा सोन्याच्या शोधात उत्तरेला गेला आणि परत येऊन बघतो तर बायकोचा स्टुडिओ चालू! पाटीवर नाव मात्र नवऱ्याचंच. त्यातला आर म्हणजे रिचर्ड. ज्या माणसाला तोवर कॅमेरा धरता येत नव्हता, त्याच्या नावाचं अक्षर स्टुडिओच्या पाटीवर होतं. त्या काळात लग्न झालेल्या बाईने धंद्यात असंच नाव लावायचं असा रिवाज होता.

काच ओली आहे तोवर

आता त्या स्टुडिओत दिवसभर काय चालायचं ते बघू, कारण फोटो काढणं म्हणजे तेव्हा अर्धी केमिस्ट्री आणि अर्धी धावपळ होती.

त्या वेळच्या पद्धतीला वेट प्लेट म्हणतात. आधी काचेची प्लेट घासूनपुसून लख्ख करायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट, ईथरच्या वासाचं द्रावण ओतायचं आणि प्लेट हळूहळू तिरकी करत चारही कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवायचं. डोसा पसरवण्याइतकंच हे कौशल्याचं काम, फक्त इथे पळी नाही, नुसतं मनगट. मग अंधाऱ्या खोलीत ती प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. कोलोडियनमधले क्षार आणि चांदी यांची क्रिया होऊन प्लेटवर प्रकाशाला संवेदनशील थर तयार होतो. तो थर ओला आहे तोवरच कामाचा! काही मिनिटांत तो सुकायला लागतो आणि सुकला की संपलं. म्हणजे प्लेट तयार करणं, कॅमेऱ्यात घालणं, फोटो घेणं, परत अंधाऱ्या खोलीत धावणं आणि डेव्हलप करणं, हे सगळं एका दमात.

गिऱ्हाईक तोवर खुर्चीत ताटकळत असायचं. एक्स्पोजर काही सेकंदांचं. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावायचे. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे छताला मोठ्या काचा लावून वरून येणारा मऊ उजेड घ्यायचा. व्हिक्टोरियाचा हिवाळा ढगाळ, पावसाळी. आभाळ भरून आलं की एक्स्पोजर वाढवायचं आणि लहान मूल असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

आणखी एक गंमत. ही प्लेट निळा आणि जांभळा प्रकाश भरपूर टिपते, लाल जवळपास टिपतच नाही. त्यामुळे निळे डोळे फोटोत पांढरट यायचे, चेहऱ्यावरचे तांबूस ठिपके काळे दिसायचे, आणि लाल कपडा घालून आलेली बाई काळ्या कपड्यात उमटायची. कोणता रंग कसा उमटेल हे फोटोग्राफरला आधीच डोक्यात भाषांतर करून बघावं लागायचं. निगेटिव्हवर पेन्सिलने बारीक काम करून चेहरा सुधारणं हाही कामाचाच भाग होता. तेव्हा फिल्टर हा प्रकार आजचा नाही, बरं का.

पैसा कशात होता? तर कॉपीमध्ये. यापूर्वीच्या डॅगेरोटाइप पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच फोटो मिळायचा, त्याची नक्कल होत नसे. काचेच्या निगेटिव्हवरून मात्र अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, उन्हात ठेवून, हव्या तितक्या प्रती काढता येत. त्यातच १८५४ मध्ये पॅरिसच्या डिस्देरी याने एका प्लेटवर आठ छोटे फोटो घ्यायची पद्धत पेटंट केली होती. कार्त-द-व्हिझित म्हणतात त्या फोटोंना, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढे. डझनावर घ्या, पाकिटात घाला, घरी पाठवा. व्हिक्टोरियातला जवळजवळ प्रत्येक माणूस कुठून तरी लांबून आलेला होता आणि घरच्यांना आपण जिवंत आहोत, बरे आहोत, हे दाखवायची त्याला गरज होती. हॅनाचा स्टुडिओ त्या गरजेवर उभा होता.

बायकोकडून शिकलेला नवरा

फोटोग्राफी हॅनाने रिचर्डला शिकवली. त्याने बुटांचा धंदा सोडला नाही, पण कॅमेराही धरला आणि त्यात चांगलं नावही काढलं. कामाची वाटणी झाली : स्टुडिओ आणि माणसं हॅनाकडे, बाहेरगाव आणि निसर्ग रिचर्डकडे. रिचर्ड सरकारी अधिकाऱ्यांबरोबर किनाऱ्याने उत्तरेला जायचा, गावांचे, लाकडी कोरीव खांबांचे फोटो आणायचा. त्यांच्या प्रती विकल्या जायच्या स्टुडिओतूनच. काही सफरी दोघांनी मिळूनही केल्या. त्यामुळे मेनार्ड असा शिक्का असलेला फोटो नक्की कुणी काढला हे ठरवताना आजही अभ्यासकांना डोकं खाजवावं लागतं.

याच कामातला एक भाग आज बघताना खटकतो. मूळ रहिवासी समाजातल्या लोकांचे पोर्ट्रेट हॅनाने स्टुडिओत काढले आणि ते पर्यटकांना आठवण म्हणून विकले गेले. काही वेळा तिने स्टुडिओतल्या माणसाची आकृती कापून रिचर्डने काढलेल्या गावाच्या किंवा जंगलाच्या फोटोवर चिकटवली आणि त्याचा पुन्हा फोटो घेतला. म्हणजे त्या जागी जी बाई कधी उभीच नव्हती, ती तिथे उभी दिसते. ज्या गोऱ्या गिऱ्हाइकाने पैसे देऊन फोटो काढला तो स्वतःचा फोटो घरी घेऊन गेला. या लोकांचे चेहरे मात्र दुकानातला माल झाले. हॅनाच्या हाताचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, कारण कात्री तीच होती.

हजारो बाळांचे फोटो

१८८१ पासून हॅनाने एक नवी गोष्ट सुरू केली. वर्षभरात स्टुडिओत ज्या ज्या मुलांचे फोटो काढले, त्या सगळ्यांचे चेहरे एकत्र करून एक मोठं कोलाज बनवायचं आणि नव्या वर्षाची भेट म्हणून गिऱ्हाइकांना पाठवायचं. नाव दिलं जेम्स ऑफ ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाची रत्नं. आजच्या भाषेत सांगायचं तर जबरदस्त मार्केटिंग. आपलं बाळ त्या गर्दीत शोधणार नाही अशी आई दाखवा!

पण तंत्र बघा. मुलांचे फोटो छापायचे, एकेक चेहरा कात्रीने कापायचा, पुठ्ठ्यावर मांडून चिकटवायचा, आणि त्या सगळ्या मांडणीचा पुन्हा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. नव्या निगेटिव्हमध्ये सगळे कापलेले तुकडे एका सपाट चित्रात येतात. फोटोशॉपमध्ये लेयर्स एकत्र करून टाकतो ना, तेच. फक्त इथे लेयर म्हणजे खरा कागद आणि खरी खळ.

पुढच्या वर्षी ती नव्या मुलांच्या मांडणीत गेल्या वर्षीचं अख्खं कोलाज लहान करून बसवायची. त्याच्या पुढच्या वर्षी त्या कोलाजमध्ये आधीची दोन्ही. असं करत करत जुनी मुलं आकसत गेली. आधी नखाएवढी, मग तांदळाच्या दाण्याएवढी, मग नुसता ठिपका. काही वर्षांतच एका चित्रात हजारो चेहरे झाले. हा प्रकार १८९५ च्या सुमारापर्यंत चालला आणि अमेरिकेतल्या सेंट लुईस अँड कॅनेडियन फोटोग्राफर या मासिकात ती चित्रं छापूनही आली, त्यामुळे व्हिक्टोरियाबाहेरच्या धंदेवाल्यांना हॅनाचं नाव कळलं.

त्या काळात मुलं फार दगावायची. घटसर्प, टायफॉइड, डांग्या खोकला. कोलाजमध्ये एकदा आलेलं बाळ मात्र बाहेर पडत नव्हतं. पुढच्या वर्षी ते जगात असो वा नसो, त्या ठिपक्यांमध्ये ते होतंच.

आणि १८८३ मध्ये हे हॅनाच्याच घरात घडलं. तिची धाकटी मुलगी लिली टायफॉइडने गेली. वय अवघं १६. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, दुसरी मुलगी एमा बुडून गेली. १८९२ मध्ये सून ॲडलेड गेली. एमाचा लहानगा मुलगा, मेनार्ड मॅकडोनाल्ड, आजीकडेच वाढला.

या काळात हॅनाला मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या पंथाची ओढ लागली असंही लिहिलं गेलंय. तेव्हा युरोप-अमेरिकेत त्याची लाटच होती, आणि भुतांचे फोटो म्हणून दोनदा एक्स्पोज केलेल्या प्लेट विकणारे ठग भरपूर होते. हॅनाने तो धंदा केला नाही. तिने तेच तंत्र घेतलं आणि कॅमेरा स्वतःवर वळवला.

तीन हॅना कशा येतात

आता सुरुवातीच्या त्या फोटोकडे येऊ. १८८० च्या दशकात कोरड्या जिलेटिनच्या प्लेट बाजारात आल्या होत्या. त्या आधी तयार करून ठेवता येत आणि काही मिनिटांत खराबही होत नसत. म्हणजे एकच प्लेट कॅमेऱ्यात तशीच ठेवून, सावकाश, दोन-तीन वेळा एक्स्पोज करणं सोपं झालं.

मूळ तत्त्व सोपं आहे. प्लेटच्या ज्या भागावर प्रकाश पडत नाही तो भाग कोराच राहतो. कॅमेऱ्यात काळ्या आडोशाने प्लेटचा काही भाग झाकायचा. एका जागी बसून पहिला फोटो घ्यायचा. मग आडोसा सरकवून घेतलेला भाग झाकायचा आणि कोरा भाग उघडा करायचा. जागा बदलायची, हवे तर कपडे बदलायचे, दुसरा फोटो. परत आडोसा, परत जागा, तिसरा. सगळं संपल्यावर प्लेट एकदाच डेव्हलप करायची.

तत्त्व सोपं असलं तरी प्रत्यक्षात करायला महाकठीण. कॅमेऱ्यात दृश्य उलटं पडतं, त्यामुळे डावीकडची हॅना हवी तर प्लेटची उजवी बाजू उघडी ठेवायची. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. उजेड तिन्ही वेळा सारखा हवा, नाहीतर टेबलाच्या मधोमध पट्टा दिसणार. आडोशाची कड दोन वेळा एकमेकींवर आली तर तिथे दुप्पट एक्स्पोजर, मध्ये फट राहिली तर काळी रेघ. आणि पहिल्या हॅनाने जिथे बघितलं असेल, तिथेच नंतर दुसरी हॅना येऊन बसायला हवी. समोर कुणीही नसताना रिकाम्या खुर्चीकडे बघून गप्पा मारल्याचा आव आणायचा! तिन्हीपैकी एक जरी चुकलं तरी सगळी मेहनत वाया, आणि ते कळणार शेवटी, अंधाऱ्या खोलीत.

तिने आणखी एक प्रकार केला, जिवंत माणसाचा पुतळा. चेहऱ्याला, केसांना पांढरी पावडर फासायची, पांढरं कापड गुंडाळायचं आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर फोटो घ्यायचा. मग निगेटिव्हवरचा छातीखालचा थर खरवडून टाकायचा. निगेटिव्हमध्ये जे पारदर्शक ते छापताना काळं होतं, म्हणून खरवडलेलं शरीर अंधारात गायब आणि वर उरतो संगमरवरी दिसणारा अर्धपुतळा. नातू मेनार्डलाही तिने असं पुतळा बनवून आपल्या चित्रात बसवलंय.

हे फोटो विकण्यासाठी नव्हते. बाकी दिवसभर गिऱ्हाईक, हिशोब, प्रिंट, आणि मधल्या फटीत हे. अनेक अभ्यासक त्यात दुःख वाचतात, काही जण युरोपात पुढे आलेल्या अतिवास्तव चित्रकलेची चाहूल वाचतात. मला विचाराल तर त्यात खोडकरपणाही तितकाच आहे. साठीच्या आसपासची, भारदस्त कपड्यातली आजीबाई स्वतःच्याच डोक्यावर चहा ओततेय. घरात तीन मरणं झालेली बाई हसवतेय आणि त्यासाठी तिला जोडीला दुसरं माणूसही लागत नाही.

आरशातला आरोपी

१८९७ मध्ये व्हिक्टोरिया पोलिसांनी अटक केलेल्या लोकांचे फोटो काढायचं काम हॅनाला दिलं. तेव्हा ती ६३ वर्षांची होती. पॅरिसच्या बर्तियों याने १८८० च्या दशकात पद्धत रुळवली होती : प्रत्येक आरोपीचा एक फोटो समोरून, एक बाजूने. म्हणजे दोन फोटो, दुप्पट खर्च, आणि दोनदा सरळ बसायला नाखूश असलेला माणूस.

हॅनाने खुर्चीशेजारी, खांद्यापाशी, एक आरसा लावला. समोरून चेहरा आणि आरशात बाजूचा चेहरा, एकाच प्लेटवर, एकाच एक्स्पोजरमध्ये. यात एक बारीक अडचण आहे. आरशातली प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर नसते, ती आरशाच्या मागे, तितक्याच अंतरावर असल्यासारखी वागते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या हिशोबाने खरा चेहरा जवळ आणि आरशातला लांब. दोन्ही स्पष्ट हवेत तर लेन्सचं छिद्र लहान करायचं, आणि छिद्र लहान केलं की एक्स्पोजर वाढतं. आरसा जितका चेहऱ्याजवळ तितकी ही तडजोड सोपी. ३५ वर्षं मान न हलवणारी गिऱ्हाइकं सांभाळलेल्या बाईला हे जमलं नसतं तरच नवल.

ते फोटो बघवत नाहीत असे काही आहेत. चोरीत पकडलेली पोरं, दारुडे, फाटक्या कोटातले कामगार. स्टुडिओत यायला त्यांनी पैसे दिले नव्हते आणि घरी पाठवायला प्रतही मिळणार नव्हती. पण उजेड तोच, मऊ, वरून येणारा. नगरशेठच्या बायकोला जो उजेड मिळाला तोच यांनाही.

रिचर्ड १९०७ मध्ये गेला. हॅनाने पुढे पाच वर्षं स्टुडिओ चालू ठेवला आणि १९१२ मध्ये, ७८ व्या वर्षी, बंद केला. त्या वेळी वर्तमानपत्रवाल्याशी बोलताना तिने दावा केला की या गावातल्या प्रत्येकाचा फोटो आपण कधी ना कधी काढलाय. गावात किती लोक येऊन गेले ते बघता यात थोडी बढाई आहे, पण फार नाही.

१५ मे १९१८ रोजी व्हिक्टोरियातच तिचं निधन झालं. पुढची कित्येक वर्षं तिचं नाव स्थानिक इतिहासापुरतंच राहिलं. १९८० मध्ये क्लेअर वाइसमन विल्क्स यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि ते करामतीचे फोटो पुन्हा लोकांसमोर आले. आज मेनार्डांच्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच स्कॅन झाल्यात. रत्नांच्या कोलाजचं स्कॅन उघडलं तर झूम करत राहा. एका मर्यादेनंतर चेहरे संपतात आणि चांदीचे कण सुरू होतात.